सिपनाकाठचे कोरकू : एका जुन्या वारशाचा आढावा

परतवाडा सोडलं की संत्र्याच्या बागा आणि कपाशीची वावरं मागे पडतात, आणि घटांगच्या वळणांवर सागाचं रान सुरू होतं. सुमारे ५० किलोमीटरवर सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. पुढे हाच रस्ता कोलकास, हरिसाल करत धारणीला जातो. अमरावती-अकोल्याच्या माणसाला सेमाडोह ठाऊक असतं ते व्याघ्र प्रकल्पामुळे. वन विभागाच्या कुट्या, जंगल सफारी, नदीचा डोह आणि शाळेची सहल, एवढ्यात आपली ओळख संपते. पण याच गावातल्या घरांत आई लेकराला ज्या भाषेत हाक मारते, ती भाषा ना वऱ्हाडी आहे, ना हिंदी. ती कोरकू आहे.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. येथील तीनशेहून अधिक गावांत गोंड, निहाल, गवळी, गवलान, बलई असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. संख्येनं सर्वांत मोठा समाज कोरकूंचा. सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर बैतूल, बुऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, छिंदवाडा या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांतही त्यांची वस्ती आहे. म्हणजे राज्याची सीमा कोरकूंच्या घरातूनच गेली आहे. आजोळ बैतूलकडे आणि घर चिखलदऱ्याकडे, हे इथं नेहमीचंच.

कोरकू संस्कृती म्हटलं की आपल्याला आठवतो तो एखाद्या महोत्सवात रंगमंचावर झालेला नाच. फेट्याला तुरा, पायांत घुंगरू, हातात बासरी. तो नाच सुंदर आहेच. पण या वारशाची मुळं तीन ठिकाणी आहेत : भाषेत, पितरांच्या स्मरणात आणि रानाशी असलेल्या नात्यात. ही तीन मुळं धड राहिली तरच नाचाला अर्थ राहील. आज तिन्ही उघडी पडत आहेत, म्हणून हा आढावा.

पूर्वेकडचं गोत

मराठी, हिंदी, गुजराती या इंडो-आर्य कुळातल्या भाषा; गोंडी, तेलुगू, कन्नड द्राविड कुळातल्या. कोरकू या दोन्हींत बसत नाही. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली भाषा आहे. तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी, मुंडारी आणि हो. त्या राहतात झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये. दूरच्या नात्यात कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामची भाषाही येते. मुंडा शाखेच्या सर्व भाषांत कोरकू ही सर्वांत पश्चिमेकडची. आपल्या बहिणींपासून शेकडो किलोमीटर दूर, मराठी, हिंदी आणि गोंडीच्या वेढ्यात ती आपला संसार सांभाळून राहिली आहे.

नातं किती जवळचं आहे हे साध्या शब्दांत दिसतं. कोरकूत पाण्याला ‘डा’, घराला ‘उरा’ आणि वाघाला ‘कुला’ म्हणतात. मुंडारीतही हे शब्द जवळजवळ असेच आहेत. संस्कृतात होतं आणि मराठीनं सोडून दिलं ते द्विवचन कोरकूनं जपलं आहे. एक माणूस, दोन माणसं आणि पुष्कळ माणसं यांसाठी तिथं वेगवेगळी रूपं आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक जसा मराठी करते, तसा कोरकूही करते. अशी घडीव, नियमबद्ध भाषा आपल्या कार्यालयांत आणि बाजारात सर्रास ‘बोली’ म्हणून बाजूला सारली जाते, याचं वाईट वाटतं.

अभ्यासकांनी मात्र तिची दखल फार आधी घेतली. जॉन ड्रेक यांचं कोरकू व्याकरण १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात कोरकूला जागा मिळाली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ काढला. त्यात कोरकूंवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे नॉर्मन झाइड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं कोरकूच्या ध्वनिव्यवस्थेवर काम केलं, स्टीफन फुक्स यांनी १९८८ साली कोरकू समाजजीवनावर ग्रंथ लिहिला, आणि के. एस. नागराज यांचं व्याकरण व शब्दसंग्रह १९९९ साली आला. या सगळ्यांतली अडचण एकच : ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. ज्यांच्या तोंडून ती भाषा टिपली गेली, त्यांच्या नातवंडांच्या हाती ती पोचलेली नाहीत.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा नोंदवली. आकडा लहान नाही. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत कोरकू नाही. तिची बहीण संथाळी २००३ सालच्या ९२ व्या घटनादुरुस्तीनं तिथं पोचली. तिच्यामागे पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास घडवलेली ओल चिकी लिपी होती, साहित्य होतं आणि संघटित समाज होता.

कोरकूच्या सावलीत आणखी एक लहान भाषा जगते आहे, तिचाही उल्लेख इथं करायला हवा. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाल समाजाची निहाली भाषा बोलली जाते. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, त्यांच्याकडे राबले. त्यांच्या भाषेत कोरकू शब्दांचा मोठा भरणा आहे. पण तो बाजूला काढल्यावर जे उरतं, ते जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाही. बोलणारे उरले आहेत जेमतेम दोन-अडीच हजार. जगाचे भाषाशास्त्रज्ञ जिचं कोडं सोडवत बसले आहेत ती भाषा आपल्या वऱ्हाडात आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

लाल माती, कावळा आणि कुत्रा

कोरकूंची उत्पत्तिकथा रसेल-हिरालाल यांनी नोंदवून ठेवली आहे. रावणानं पाहिलं, तर सातपुड्याचे डोंगर ओसाड, माणसांवाचून रिकामे. त्यानं महादेवाला विनवलं, इथं माणसं वसव. महादेवानं कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवलं. ते सापडलं सावळीगड आणि भंवरगडाच्या डोंगरांमध्ये. महादेवानं त्या मातीचा एक पुरुष आणि एक बाई घडवली. पण इंद्रानं धाडलेले दोन आगीसारखे घोडे आले आणि त्यांनी मूर्ती तुडवून त्यांची माती केली. पुन्हा घडवल्या, पुन्हा तेच. मग महादेवानं आधी मातीचा कुत्रा केला, त्यात प्राण फुंकला आणि त्याला राखणीला बसवलं. कुत्र्यानं घोड्यांना फिरकू दिलं नाही. तेव्हा कुठं मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं उभं राहिलं.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, रावण इथं खलनायक नाही. डोंगर वसवण्याची काळजी वाहणारा तो आहे. म्हणूनच रावण आणि त्याचा मुलगा मेघनाद यांना कोरकूंमध्ये मान आहे, आणि दसऱ्याला होणारं रावणदहन अनेक कोरकूंना दुखावतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. मातीची माणसं घोड्यानं तुडवल्याची हीच गोष्ट संथाळांच्या सृष्टिकथेतही येते. सातपुडा आणि छोटा नागपूर यांच्यामध्ये केवढं अंतर, किती राज्यं आली नि गेली. पण भाषेचं नातं टिकलं तसं गोष्टीचंही टिकलं. लिहून ठेवलेला एक कागद नसताना आज्यांनी नातवंडांना सांगत सांगत ती इथवर आणली.

कुळांची नावंही रानातूनच आली आहेत. जांबू म्हणजे जांभूळ, त्या कुळाचे ते जांबेकर. मेळघाटात कासदेकर, बेठेकर, मावस्कर, भिलावेकर, दहीकर, सावलकर, धिकार अशी आडनावं ठायी ठायी भेटतात. यांतल्या कित्येक नावांत कोरकू कुळाला मराठीचा ‘कर’ जोडला आहे. शाळेच्या दाखल्यांनी आणि सरकारी दप्तरानं ही जोडणी केली असावी असं दिसतं. पण लग्न ठरवताना आजही कूळ बघितलं जातं, कारण एका कुळात सोयरीक होत नाही.

गाव, घर आणि देव

कोरकू गाव ओळखायला खूण लागत नाही. मधे रुंद, स्वच्छ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड करून घरांच्या सरळ रांगा. भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून माती आणि शेण लिंपलेलं, छपराला कवेलू. अंगण रोज सारवलेलं. शेजारच्या शहरांची अस्ताव्यस्त वाढ पाहिली की या गावांची आखणी आपल्याला काही शिकवते.

गावाचा कारभार पटेलाकडे, त्याला मेळघाटात आडा पटेल म्हणतात. भांडण, सोयरीक, सणाचा दिवस असे निर्णय त्याच्या ओसरीवर होतात. देवाधर्माचं पाहणारा तो भूमका. गावाच्या वेशीवर, बहुधा झाडाखाली, मुठवा देवाचे दगड असतात. तो गावाचा राखणदार. डोंगरदेव आहे, वाघदेव आहे. सूर्याला कोरकूत गोमेज म्हणतात आणि देवालाही तेच नाव आहे. महादेव तर कोरकूंचा घरचाच. श्रावणात धारगडच्या गुहेतल्या महादेवाला जाणाऱ्या गर्दीत अकोट-अकोल्याकडचे भाविक असतात तसे कोरकूही असतात.

लग्नाच्या रीतीतून स्त्रीचं स्थान समजतं. हुंडा मुलीच्या बापानं द्यायचा, ही आपल्याकडची कीड कोरकूंच्या मूळ परंपरेत नाही. देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडचे देतात. ज्याची ऐपत नाही, तो मुलगा सासऱ्याच्या घरी ठरल्या मुदतीपर्यंत राबतो आणि मग लग्न होतं; त्याला लमझना म्हणतात. विधवेला दुसरं लग्न करता येतं, न पटल्यास बाईला वेगळं होता येतं. शिकलेल्या समाजांनी शंभर-दीडशे वर्षं चळवळी करून जे मिळवलं, त्यातलं काही या डोंगरात रीत म्हणून आधीपासून होतं. आता मात्र मैदानातल्या लग्नांचं अनुकरण वाढतं आहे आणि त्यासोबत हुंडाही चढतो आहे. हे अनुकरण थांबलं पाहिजे, असं समाजातले जाणते लोकही म्हणतात.

पितरांचा खांब

कोरकू परंपरेत मृतदेह बहुधा पुरतात. पण माणूस गेला आणि माती दिली, एवढ्यानं त्याचा निरोप पुरा होत नाही. त्यासाठी सिडोलीचा विधी करावा लागतो. तो लगेच होत नाही. खर्च मोठा, सोयऱ्यांना बोलवायचं, बोकड, धान्य आणि सिडू, म्हणजे मोहाची दारू, जमवायची. काही महिने जातात, कधी कित्येक वर्षं जातात. घरातल्या दोन-चार मृतांची सिडोली मग एकत्रच होते. सिडोली झाली की मेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो. तोवर तो घराभोवतीच असतो.

या विधीत मुंडा उभा करतात. मुंडा म्हणजे लाकडी स्मृतिस्तंभ, बहुधा सागाचा. खांब फार उंच नसतो. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र कोरलेले, त्याखाली घोड्यावर बसलेला माणूस, म्हणजे ज्याच्या नावानं खांब उभा राहिला तो. काही खांबांवर हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची रांग असते. पटाशीचे घाव उथळ आणि सरळ आहेत. नक्षीचा हव्यास नाही. तरी घोड्याच्या मानेचा ताठा आणि स्वाराचा तोल अचूक उतरतो. पाऊस-उन्हानं लाकूड राखाडी पडतं, त्याच्या भेगा कोरीव रेषांत मिसळतात. पायी रान तुडवत जगलेल्या माणसाला त्याच्या मुलांनी मृत्यूनंतर घोडा दिला, ही कल्पनाच फार थोर आहे. कोरकूंना राजवाडे नाहीत, शिलालेख नाहीत. पण साध्या शेतकऱ्याचं नाव राहावं म्हणून त्यांनी खांब कोरले.

भोपाळला २०१३ साली सुरू झालेल्या मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालयात ज्या सात जमातींचं जीवन मांडलं आहे, त्यांत कोरकू एक आहेत. आपल्याकडे, ज्या अमरावती जिल्ह्यात हे लोक राहतात तिथं, कोरकू काष्ठशिल्पाची अशी भारदस्त कायमची मांडणी असावी, ही मागणी वऱ्हाडातल्या प्रत्येक रसिकानं करायला हवी. त्याहून निकडीचं म्हणजे मुंडा कोरणारे हात. सिमेंटच्या समाध्या आल्या, सागाचं लाकूड मिळणं कठीण झालं, आणि खांब कोरणारे कारागीर कमी होत गेले.

सणांचं वर्ष

कोरकूंचं वर्ष शेती आणि रान यांच्या चालीनं चालतं. पेरणीआधी भवई येते. देवाला बियाण्याचा मान देऊन मगच तिफण शेतात जाते. आषाढात अमावास्येला जिरोती, झाडांना झोके आणि पोरींची गाणी. मग पोळा, बैलांचा. दिवाळीला गाई-गुरांचं कौतुक, आणि त्या वेळी पुढे येतात ते थाट्या, म्हणजे गावाची गुरं राखणारे. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना मेळघाटात घुंगरू बाजार म्हणतात. सजलेले थाट्या बासरी आणि ढोलकी घेऊन बाजारात उतरतात, दुकानादुकानापुढे नाचतात आणि बक्षिसी घेतात. वर्षभर दुसऱ्यांची गुरं राखणाऱ्या माणसाचा तो मानाचा आठवडा. हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती असेल त्याच सुमारास मेळघाटात घुंगरू वाजत असतील.

पण सणांचा राजा म्हणजे होळी. सुगीसाठी, वीटभट्टीसाठी, रस्त्याच्या कामासाठी अमरावती, अकोला, नागपूरपासून मध्य प्रदेशापर्यंत पांगलेली माणसं होळीला गावी परततात. परतवाड्याच्या एसटी स्टँडवर त्या आठवड्यात बोचकी, डबे, कडेवरची लेकरं आणि नवीन कापडाच्या पिशव्या यांची दाटी असते. मुकादमानं थांबवलं, मजुरी अडवली, तरी होळीला गाव चुकवायचं नाही, हा नेम आहे.

पटेलाच्या हस्ते होळी पेटते आणि पाच दिवस गाव नाचतं. मुली एका रांगेत, एकमेकींच्या कमरेभोवती हात. समोर ढोलकी, टिमकी आणि बासरी वाजवणारे पुरुष. रांग दोन पावलं पुढे येते, एक मागे जाते आणि हळूहळू सगळं वर्तुळ फिरतं. कोरकूत नाचाला सुसुन म्हणतात. मेळघाटातलं गदली सुसुन प्रसिद्ध आहे. गाणं लहान, दोन-तीन ओळींचं; एका बाजूनं म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं उचलायचं. त्यात नदी असते, दीर-भावजयीची थट्टा असते, नव्यानं आलेली मोटार असते आणि साहेबही असतो. म्हणजे गाणी जुनी आहेत तशी रोज नवीही होतात. बाजारहाटाच्या रस्त्यावर पोरं दोरी धरून वाहनं अडवतात आणि फगवा मागतात. बाहेरून आलेल्याला हा त्रास वाटतो. पण सणाच्या दिवशी जवळ असलेल्यानं नसलेल्याला थोडं द्यावं, इतकीच त्यामागची रीत आहे. हसून दहा रुपये द्यावेत आणि पुढे जावं.

होळीनंतर मेघनादाची पूजा. काटकुंभसारख्या गावी मेघनाथाची यात्रा भरते. उंच खांब उभारतात, नवस फेडतात, ढोल घुमतो. मेघनादानं संकटात कोरकूंना राखलं, अशी श्रद्धा. मध्य प्रदेशातले कोरकू याच खांबाभोवती ‘खंब स्वांग’ नावाचं सोंगनाट्य करतात. चैत्र-वैशाखात तिकडे थापटी नाचतात.

रानाचं देणं आणि रानाचे दोर

फाल्गुन-चैत्रात पहाटे सेमाडोहच्या आसपासच्या मोहाखाली बायका-पोरांची लगबग असते. रात्री गळलेली फुलं उन्हं चढायच्या आत वेचायची. मोह वाळवून वर्षभर पुरतो. खायला, विकायला, देवाला, पाहुण्याला. बियांचं तेल निघतं. तेंदूपानं, चारोळी, मध, डिंक, बांबू यांचे हंगाम ठरलेले. शेतात कोदो, कुटकी, सावा, मका, ज्वारी. पोषणाचे तज्ज्ञ आज भरडधान्यांचं महत्त्व सांगतात. कोरकू बायका कुटकीचा भात पूर्वीपासून रांधत आल्या. सोयाबीन आणि रेशनचा तांदूळ आल्यावर कुटकीचं पीक मागे पडलं, ताटातून सकसपणाही गेला.

हे सारं ज्या रानावर उभं होतं, त्याचे दोर दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या हाती गेले. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मेळघाटातलं जंगल राखीव करायला सुरुवात केली. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून राखेत पेरायची दह्याची शेती बंद पाडली. लाकूडतोडीला मजूर हवे म्हणून वनग्रामं वसवली. जमिनीचा मालक मजूर झाला. कोरकूंनी हे निमूट सोसलं नाही. १९३० साली बैतूल जिल्ह्यात बंजारीढाल इथं गंजनसिंह कोरकू यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव ठळक असायला हवं.

स्वातंत्र्यानंतर व्याघ्र प्रकल्प आला. १९७३ मध्ये देशात निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता. वाघ वाचला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. आणि वाघदेव पुजणाऱ्या समाजाला ते सांगायलाही नको. आजही वन विभागाचे कितीतरी वाटाडे आणि मजूर कोरकूच आहेत. पण वाघासाठी गावं उठली ती त्यांची. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून अकोल्याकडे अकोटच्या परिसरात आली. त्यांच्यामागून आणखी आली. काहींना सोयी मिळाल्या, काहींचे पैसे लवकर संपले. पुनर्वसनातल्या अपुऱ्या सोयींवरून संतापलेले लोक २०१९ च्या जानेवारीत जुन्या गावठाणी परतले आणि संघर्ष झाला. पुनर्वसनाच्या फायलीत घर, जमीन, रक्कम यांचे रकाने असतात. मुठव्याचा, मोहाच्या झाडांचा आणि पितरांच्या मुंड्यांचा रकाना नसतो. माणूस मैदानात आला आणि त्याची सिडोलीची जागा गाभाक्षेत्रात राहिली, तर त्यानं विधी कुठं करायचा? या प्रश्नाचं उत्तर शासनानं लेखी द्यायला हवं.

वाट आहे, हेही दिसलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक हक्क मिळतो. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरच्या ग्रामसभेनं तो मिळवला, उजाड टेकडी राखली, सीताफळाची विक्री स्वतः उभी केली आणि २०१४ साली इंडिया बायोडायव्हर्सिटी अवॉर्ड मिळवला. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू तरुणांच्या हातातलं बांबूकाम रोजगारापर्यंत नेलं. बैरागडच्या रुग्णसेवेला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य दिलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आरोग्याचं सांगताना एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सगळीच परंपरा जपायची नसते. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्यानं चटके द्यायची डंबा ही पद्धत लेकरांच्या जिवावर उठते. ती गेलीच पाहिजे. १९९० च्या दशकापासून मेळघाटाचं नाव देशभर कुपोषणाशी आणि बालमृत्यूंशी जोडलं गेलं, त्या दुखण्यात अशा पद्धतींचाही वाटा आहे. पण भूमक्याला शिव्या देऊन ती जात नाही. भूमक्याला सोबत घेऊन, त्याच्याच तोंडून दवाखान्याची वाट सांगितली की आई ऐकते. हा अनुभव आरोग्य कार्यकर्त्यांनी घेतला आहे.

दूरदेशीचा एक धडा

डोंगरातली मौखिक भाषा कशी उभी राहते, याचं एक उदाहरण दूरचं आहे. युरोपच्या बाल्कन डोंगरांत अल्बेनियन लोक राहतात. त्यांची भाषा इंडो-युरोपीय कुळात स्वतंत्र शाखा मानली जाते. तिला जवळची बहीण नाही. शतकानुशतकं ते ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली होते. त्यांच्यातले काही मुसलमान, काही ऑर्थोडॉक्स, काही कॅथलिक. डोंगरातल्या माणसांचा कायदा तोंडी होता. त्याला कानून म्हणत. दिलेला शब्द पाळणं आणि पाहुण्याचं रक्षण करणं हा त्याचा गाभा. गावकऱ्यांच्या तोंडून तो गोळा केला श्त्येफेन ग्येचोवी या धर्मगुरूनं, आणि त्याचा ग्रंथ १९३३ साली छापला गेला. त्यांचं अनेक आवाजांत मिळून गायचं लोकगायन युनेस्कोनं २००५ साली मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

आपल्याला घेण्यासारखा धडा शाळेचा आणि लिपीचा आहे. अल्बेनियन भाषा कुणी ग्रीक अक्षरांत लिही, कुणी अरबी, कुणी लॅटिन. ७ मार्च १८८७ रोजी कोर्चा या गावी अल्बेनियन भाषेची शाळा उघडली. १९०८ च्या नोव्हेंबरात मोनास्तिर इथं वेगवेगळ्या धर्मांचे अल्बेनियन एकत्र बसले आणि त्यांनी लॅटिन लिपीचा निर्णय केला. चारच वर्षांनी, १९१२ मध्ये, त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. कोरकूंना वेगळा देश नको आहे. ते भारताचे आहेत आणि सातपुड्याचे आहेत. पण लहान मुलाला त्याच्या भाषेत पहिलं अक्षर मिळालं आणि लिपीचा निर्णय बोलणाऱ्यांनी स्वतः केला, तर डोंगरातली मौखिक भाषा आधुनिक जगात उभी राहते, हे त्या इतिहासानं दाखवून दिलं.

आता काय करायचं

आज सेमाडोहच्या मुलाचा दिवस तीन भाषांत विभागलेला आहे. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. पहिलीत बसलेल्या पोराला गुरुजींचं बोलणं कळत नाही, म्हणून ते गप्प राहतं. आणि गप्प राहतं म्हणून ‘कच्चं’ ठरतं. त्याच्या डोक्यात शेकडो झाडांची नावं, दहा ओळींच्या गोष्टी, गाणी आणि आकडे असतात. ते विचारले जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आहे. तो मेळघाटात उतरवायचा असेल तर कोरकू बोलणारी अंगणवाडीताई आणि कोरकू बोलणारे शिक्षक लागतील, देवनागरीत छापलेली गोष्टींची पुस्तकं लागतील. काही शिक्षकांनी आपल्या वर्गापुरत्या कोरकू-मराठी शब्दांच्या याद्या केल्या आहेत, गाणी फळ्यावर आणली आहेत. त्यांच्या धडपडीला शासनाचं बळ हवं; ते वैयक्तिक उत्साहावर सोडून चालणार नाही.

दुसरं काम नोंदीचं. सिडोलीची गाणी, उत्पत्तिकथा, औषधी झाडांची माहिती सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांजवळ आणि बायांजवळ आहे. कोरकू तरुणांच्या हाती आता मोबाइल आहे. प्रत्येक ग्रामसभेनं आपल्या गावच्या आजी-आजोबांचे आवाज ध्वनिमुद्रित करावेत, आणि ती संपत्ती गावाच्याच नावावर राहावी. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठानं कोरकू आणि निहालीच्या अभ्यासाला कायमची जागा द्यावी. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात जगात अन्यत्र न मिळणारी भाषा बोलली जाते, त्याचं ते कर्तव्यच आहे.

तिसरं काम आपलं, मैदानातल्या मराठी वाचकांचं. सेमाडोहला जाणाऱ्या पर्यटकानं वाघ पाहावा, जरूर पाहावा. सोबत वाटाड्याला त्याच्या भाषेतली दोन नावं विचारावीत, बाजारातून कुटकी विकत घ्यावी, मुंड्यासमोर चप्पल काढावी. कोरकू नाचाला पैसे देऊन नाचवण्याचा कार्यक्रम न समजता होळीला त्यांच्या गावी पाहुणं म्हणून जावं. आपल्या घरी कामाला आलेल्या, बांधकामावर विटा उचलणाऱ्या कोरकू मजुराच्या मुलांची शाळा बुडू नये याची काळजी आपल्या नगरपालिकांनी घ्यावी.

कोरकू वारसा टिकेल की नाही, याचा निर्णय संग्रहालयं घेणार नाहीत आणि लेखही घेणार नाहीत. तो कोरकू आया, भूमके, ग्रामसभा आणि शिकलेली नवी पिढी घेईल. त्यांना तो मोकळेपणी घेता यावा एवढी जागा, जमीन आणि शाळा त्यांच्या हाती ठेवणं हे उरलेल्या महाराष्ट्राचं देणं आहे, आणि ते आपण फार दिवस थकवलं आहे.